गोळी विरघळेपर्यंत

आमच्या घरात वंदना झाल्याशिवाय चहा मिळत नाही. चहा उकळून खाली उतरवलेला असला तरी झाकून ठेवायचा, सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत यायचं, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं हात जोडून उभं राहायचं आणि मामांनी सुरुवात केली की मागून म्हणायचं. मामा म्हणजे माझे सासरे, रामभाऊ. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. गाडीवान कितीही गयावया करू दे, काटा जे सांगेल तेच मामा लिहायचे. निवृत्त झाले, कारखाना सुटला, पण काटा काही डोक्यातून गेला नाही. घरातल्या प्रत्येकाला ते तोलायचे. मला तर लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच तोलून झालं होतं. 'तोंड लई हाय, बाकी बरी हाय' असा निकाल त्यांनी सासूबाईंपाशी दिला होता आणि तो मी भिंतीआडून ऐकला होता.

तोंड आहेच मला. मी कोऱ्हाळे बुद्रुकच्या शाळेत शिकवते, तिथं तोंडाशिवाय भागत नाही. आणि घरात जे वाढून ठेवलं होतं, त्यात तर नाहीच नाही.

माझा नवरा बुद्धघोष. चारचौघांत मी त्याला अहो-जाहोच करते, पण मनात तो कधीच अरे-तुरेवर आला. तेव्हा तो रागानं आला, आता मायेनं राहिलाय, एवढाच काय तो फरक. तो साखरेच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. पोती घेऊन मुंबईच्या गोदीत जायचं आणि माल उतरेपर्यंत तिथंच ट्रकखाली पडून राहायचं. तिथं इतर ड्रायव्हर चंदेरी पन्नीवर गर्द, म्हणजे हेरॉइनची तपकिरी पूड, ओढत बसलेले असायचे. सुरुवात वेळ जात नाही म्हणून झाली आणि पुढं ती ओढल्याशिवाय उठताच येईना अशी गत झाली. मधलं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात झालं नाही त्यांनी सुखात राहावं.

दोनदा आम्ही त्याला पुण्याला नेऊन गर्द सोडवून आणलं. दोन्ही वेळा तो अंगानं भरून, हसतमुखानं घरी आला, सासूबाईंनी गोडाधोडाचं केलं, आणि दोन्ही वेळा महिना उलटायच्या आत तो पुन्हा पन्नीपाशी जाऊन बसला. लोक म्हणाले, मनच कच्चं आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. नोकरी गेली. शहाण्णव साल संपत आलं तेव्हा मी माझी पेटी भरून ठेवली होती. पायल तेव्हा पाच वर्षांची होती. तिला घेऊन माहेरी जायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

तेव्हा आम्हाला सुधा डॉक्टर भेटल्या. बारामतीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर 'मानसोपचार' हा शब्द अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिला होता, कारण तो मोठा लिहिला असता तर पायरी कुणी चढलं नसतं. लोक डोकेदुखी सांगत यायचे आणि मग हळूच खरं बोलायचे. आम्ही डोकेदुखी सांगितली नाही. मी खुर्चीवर बसल्या बसल्या सगळं सांगितलं, बुद्धघोष शेजारी मान खाली घालून बसला, आणि मामा दाराजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मन कच्चं वगैरे काही नाही," बाई म्हणाल्या. "शरीराला सवय लागली आहे. ते रोज मागतं, आणि नाही मिळालं की माणसाला पिळून काढतं. असं पिळून निघताना कुणाचं मन पक्कं राहील? आधी शरीर थाऱ्यावर आणू, मनाचं मग बघू."

मग त्यांनी गोळीचं सांगितलं. "लपवत नाही. ही गोळी गर्दच्याच नात्यातली आहे. पण ही वर उडवत नाही आणि खाली आपटतही नाही. तलफ भागते, माणूस जागेवर राहतो, कामधंदा करू शकतो. जिभेखाली ठेवायची. गिळली तर वाया जाते. विरघळेपर्यंत बोलायचंही नाही. डबी मी यांच्याकडे देणार नाही, घरातल्यांकडे देणार. रोज सकाळी समोर उभं राहून द्यायची."

"किती दिवस?" मी विचारलं.

"कदाचित काही महिने. कदाचित काही वर्षं. ते घाईनं ठरवायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, ही मनानं बंद करायची नाही. कमी करायची ती मी करीन, हळूहळू."

दाराजवळून मामांनी एकच विचारलं, "नात्यातली म्हंजे, त्याच जातीची न्हवं?"

"त्याच जातीची," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण खोटं सांगणाऱ्या डॉक्टरवर मामांनी विश्वासच ठेवला नसता, तेव्हा ते बरंच झालं.

मी काय सांगू त्या गोळीचं! मसुराच्या डाळीएवढी पांढरी गोळी. मी सकाळी ती बुद्धघोषाच्या तळहातावर ठेवायची, तो जिभेखाली ठेवायचा आणि तोंड मिटून ओट्याशेजारी बसून राहायचा. मी त्याला तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्या तक्रारी ऐकवून घ्यायची. उत्तर न देणारा नवरा जगात कुणाला मिळतो? तो डोळ्यांनी हसायचा. वर्षानुवर्षं त्या डोळ्यांत मी हसू पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात त्याचा हात स्थिर झाला. ट्रकवर जायच्या आधी तो मोटार वाइंडिंगचं काम शिकला होता. आमच्याकडं वीज कधी कमी दाबानं तर कधी भलत्याच दाबानं येते, आणि उसाला पाणी देणाऱ्या मोटारी सारख्या जळतात. त्यानं पडवीत बाकडं टाकलं. जळकी तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची. हात थरथरला तर वेढा चुकतो. सुरुवातीला लोक आले ते माझ्या ओळखीनं, भीतभीत. मग मोटारी टिकायला लागल्या तसे त्याच्या ओळखीनं यायला लागले. पडवीत जळलेल्या मोटारींचा उग्र वास भरून राहायचा आणि मला तो वास अत्तरासारखा वाटायचा. पेटी मी उपसून कपाटात लावली. कुणी हसो, त्या गोळीला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करायची.

मामांचं मात्र वेगळंच चाललं होतं.

त्याला कारण होतं, ते आधी सांगते. मामांचे वडील मोठे पिणारे. छप्पन्न साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी दारूच्या थेंबाला हात लावला नाही. मामा तेव्हा मिसरूड फुटलेले. बापाला रस्त्यावरून उचलून आणायचं त्यांचं रोजचं काम एका दिवसात संपलं. त्यामुळं पंचशीलातली पहिली चार शीलं मामा भक्तीनं म्हणायचे, आणि पाचवं, नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, ते छाती भरून म्हणायचे. त्या एका शीलानं त्यांना बाप परत दिला होता.

गोळी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वंदना पाचव्या शीलापाशी आली आणि मामा थांबले.

"घोषा," ते मागं न वळता म्हणाले, "पाचवं तू म्हनू नगंस. जे पाळत न्हाय ते तोंडानं म्हनायचं न्हाय."

बुद्धघोषानं ते मानलं. त्या दिवसापासून तो चारच शीलं म्हणायचा आणि पाचव्याला ओठ मिटून उभा राहायचा. वंदना झाली की मग गोळी घ्यायचा. पायल एकदा म्हणाली, "पप्पा चारच का म्हनत्यात?" तिला सासूबाईंनी लगबगीनं आत नेलं.

मी गप्प बसणारी नव्हते. "मामा, डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे ते."

"त्याच जातीचं हाय म्हनाली डॉक्टरीन."

"तुमचा चुलतभाऊ रोज पिऊन पडतो. म्हणून तुम्हाला कुणी दारुडा म्हणतं का?"

"तोंड लई हाय तुला," मामा म्हणाले आणि उठून विहिरीकडं गेले. पण चुलतभावाचं लागलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

बुद्धघोषाला मी म्हटलं, तू तरी तुझ्या आबांशी बोल. तो म्हणाला, "आबांचं बरोबर हाय. मी लई वेळा खोटं म्हनलंय ते शील. आता खरं म्हनता येईल तवा म्हनीन." असं बोलला की त्याचा राग येत नाही आणि दयाही करता येत नाही. फार वाईट अवस्था होते बायकोची.

पुढच्या उन्हाळ्यात कळसच्या विहाराचं उद्घाटन ठरलं. कळस हे मामांचं जन्मगाव, इंदापूर तालुक्यातलं. तिथं त्यांच्या चुलती प्रयागबाईंनी स्वतःच्या घराची जागा विहारासाठी दिली होती आणि मामांनी कितीतरी वर्षं खपून त्यावर भिंती उभ्या केल्या होत्या. नोकरदार मंडळींना यायला जमावं म्हणून रविवार धरला. पुण्याहून भन्ते येणार, ते सगळ्यांना पंचशील देणार आणि कुलूप मामांच्या हातून उघडणार. मामांनी त्यासाठी नवं धोतर आणलं होतं, आणि कुलपाची किल्ली ते झोपतानाही गळ्यात ठेवत होते.

सुट्टी असल्यामुळं मी, सासूबाई आणि पायल गुरुवारीच कळसला गेलो. जेवणाची तयारी, पाहुण्यांची उतरायची सोय, कामं ढीगभर होती. निघताना गोळ्यांची डबी मी मामांच्या हातात दिली. "रोज सकाळी एक. समोर उभं राहून."

"व्हय," मामा म्हणाले. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे तो. म्हणून मी निर्धास्त गेले.

रविवारी सकाळी दोघं कळसला आले. मंडपापाशी बुद्धघोषाला पाहिलं आणि माझ्या हातातली परात तिथंच खाली ठेवली. वैशाखाचं ऊन, सगळे घामानं निथळत होते, आणि हा बापाचा लोकरी कोट अंगात घालून आलेला. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, जांभईवर जांभई देत होता. मनगटावरचे केस उभे राहिले होते. हे सगळं मी पूर्वी पाहिलं होतं. पुन्हा पाहायला लागेल असं वाटलं नव्हतं.

"गोळी?" मी विचारलं.

"आबांनी सांगितलं, आज मोकळ्या तोंडानं शील घ्यायचं. भन्तेंच्या म्होरं. पाचीच्या पाची." दात वाजत होते त्याचे. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिसापासनं घेतली न्हाय. मीच व्हय म्हनलो, मुक्ता. आबांना काय बोलू नगंस. दुपारपतूर काढतो मी."

मी मामांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. मंडपामागं चुलाणावर भात शिजत होता, तिथं मी त्यांना गाठलं. ते पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात किल्ली अडकवून उभे होते.

"डबी कुठंय?"

"घरी. ट्रंकंत," मामा म्हणाले. "मी न्हाय दिली. मुक्ता, एकदा त्येला चांगल्या मनानं शील घेऊ दे. माझ्या बापाचं जसं एका दिसात सुटलं, तसं त्येचं सुटंल. जरा अंग दुखंल, सोसू दे."

"बाईंनी सांगितलं होतं ना, मनानं बंद करायची नाही? दोनदा पुण्याला नेऊन गर्द सुटली होती ना? मग काय झालं होतं?" माझा आवाज चढला. भात ढवळणाऱ्या बायका थांबल्या. "मामा, ह्या वेळी तो परत गेला तर मी थांबणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. पायलला घेऊन जाईन."

मामा काही बोलणार एवढ्यात त्यांचा पुतण्या जोतीराम आला. भन्तेंना आणायला त्याचीच जीप गेली होती. "तात्या, भन्ते आल्यात," तो म्हणाला आणि मग जरा घुटमळून, "घोषदादा फाट्याकडं चालत निघाल्यात. हाक मारली, पन वळून बघितलं न्हाय."

फाट्यावरून हमरस्त्याकडं ट्रक जातात. हमरस्त्यावर एक ढाबा आहे. तिथं काय मिळतं ते बुद्धघोषाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मामांनाही माहीत होतं, कारण मागं एकदा त्याला तिथून त्यांनीच आणलं होतं.

मंडपात लोक उठून उभे राहिले होते. भन्ते दारापाशी आले होते. कुणीतरी हाक मारली, "रामभाऊ, चला, किल्ली." मामांनी गळ्यातली किल्ली काढली. वर्षानुवर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती समोर उभी होती. ते प्रयागबाईंकडं गेले, त्यांच्या सुरकुतल्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "काकी, तुमची जागा, तुमीच उघडा." आणि जोतीरामला म्हणाले, "जीप काढ."

मामांबरोबर मीही जीपमध्ये बसले. मी मनात एकच म्हणत होते, ट्रक थांबू नये. कुणी थांबू नये.

बुद्धघोष फाट्यावरच्या दगडावर बसला होता. समोर ओकून पडलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन, कोट घट्ट धरून तो थरथरत होता. मामा जीपमधून उतरले आणि त्याच्यापुढं उकिडवे बसले.

"आबा," तो म्हणाला, "हमरस्त्याचा ट्रक थांबला हुता. बारामतीची वडाप जीपबी थांबली. कशात बसावं ते ठरंना. म्हनून बसूनच ऱ्हायलो."

मामांनी त्याचा हात हातात घेतला. कोटाची बाही वर सरकवली आणि त्या उन्हात काटा आलेल्या कातडीवरून बोटं फिरवली. असं त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं. आजवर ते दाराजवळच उभे राहिले होते.  मग आपल्या नव्या धोतराच्या सोग्यानं त्यांनी मुलाचं तोंड पुसलं.

"चल. बारामतीला."

"आबा, कार्यक्रम?"

"बुद्ध तितंच बसल्यात," मामा म्हणाले. "ते कुठं जात न्हाईत. तू चल."

सुधा डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असायचा. घर वरच्या मजल्यावर होतं. बाई खाली आल्या त्या हाताला आमरस लागलेला तशाच. बुद्धघोषाकडं एकदा पाहिलं आणि दवाखान्याचं दार उघडलं.

"कधीपासून बंद आहे?"

"शुक्कारपासनं," मामांनी सांगितलं. "त्येनं न्हाय सोडली. मी दिली न्हाय. डबी माझ्यापाशी हुती. चूक माझी हाय, डॉक्टरीनबाई. त्येला काय बोलू नगा. ट्रक थांबला तरी ढाब्यावर गेला न्हाय त्यो."

मला वाटलं होतं, बाई ओरडतील. मी तर त्यांच्या ओरडण्याची वाटच पाहत होते. पण त्या म्हणाल्या, "त्याला हे होत असताना तो ढाब्यावर गेला नाही, हे तुम्हाला कळतंय ना रामभाऊ? सहा महिन्यांपूर्वी गेला असता. हे त्या गोळीनं कमावून दिलंय त्याला."

मामांनी मान हलवली. बाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, नीट विचारून घेतलं की मधे दुसरं काही घेतलं नाही ना, आणि मग हात धुऊन गोळी काढली. "जिभेखाली. बोलायचं नाही."

बुद्धघोष बाकावर भिंतीला टेकून बसला. डोळे मिटले. ह्या वेळी मामा दाराजवळ उभे राहिले नाहीत. ते त्याच्या शेजारी बसले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर घेतले, मग ते आपोआप जोडले गेले आणि मामा हळू आवाजात वंदना म्हणायला लागले. रोज खणखणीत म्हणतात, तशी नाही. लहान मूल झोपावं म्हणून म्हणतात तशी. तीन वेळा शरण गेले. मग शीलं आली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्यापाशी ते थांबले, मुलाच्या मिटलेल्या ओठांकडं पाहिलं, आणि पाचवं म्हणाले. मग पुन्हा पाचवंच म्हणाले. मला वाटलं, म्हातारा आज गोंधळलाय, पाठ चुकला. दिवसच तसा होता.

वंदना संपली. काही वेळानं बुद्धघोषाचं नाक गळायचं थांबलं. मग खांदे खाली आले. मग त्यानं कोटाची बटणं सोडली आणि म्हणाला, "लई उकाडा हाय." मी हसले की रडले ते आठवत नाही. बाईंनी वरून आमरसाच्या वाट्या आणल्या. मामांनीही खाल्ला.

सासूबाईंना आणि पायलला जोतीरामनं संध्याकाळी घरी आणून सोडलं. प्रयागबाईंनी कुलूप उघडलं, भन्तेंनी सगळ्यांना शीलं दिली, जेवणं झाली, रामभाऊ कुठं आहेत म्हणून सगळ्यांनी विचारलं, असं सासूबाईंनी सांगितलं. मामा "बरं झालं" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा उतरवून झाकला. बाहेरच्या खोलीत आले तर मामा ट्रंकेतून डबी काढत होते. ती त्यांनी कारखान्याच्या जुन्या गणवेशाखाली ठेवलेली होती. एक गोळी त्यांनी स्वतःच्या तळहातावर घेतली, उजेडात धरून पाहिली आणि बुद्धघोषापुढं केली.

"आधी गोळी," ते म्हणाले. "मग वंदना."

बुद्धघोषानं गोळी जिभेखाली ठेवली आणि ओठ मिटून हात जोडले. मामांनी सुरुवात केली. आम्ही मागून म्हणत होतो, आणि मामा आज सावकाश म्हणत होते, गोळीला वेळ देत होते. पहिलं शील झालं. चौथं झालं. पाचवं झालं. आम्ही पुढं जाणार तोच मामांनी पाचवं पुन्हा म्हटलं, एकट्यानंच, छाती भरून.

वंदना संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अवो, पाचवं दोनदा झालं."

"व्हय," मामा म्हणाले. "एक माझं, एक त्येचं. त्येचं तोंड गोळीत गुतलंय."

बुद्धघोषाला बोलायची मुभा नव्हती. गोळी अजून विरघळली नव्हती. तो हात जोडून तसाच उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मी मामांच्या पाया पडले. लग्नातला एक दिवस सोडला तर मी कधी त्यांच्या पाया पडले नव्हते, आमच्यात ते चालतही नाही फारसं. मामा संकोचले. "तोंड कुठं गेलं आज?" म्हणाले. मला खरंच काही बोलता येत नव्हतं.

मग पायलनं विचारलं, आता चहा मिळेल का. तो निवला होता. मी गरम करते म्हटलं, पण मामांनी तसाच आणायला सांगितला, आणि गोळी विरघळेपर्यंत मुलाचा कप ते हातात धरून बसले.